डावीकडचे थेंब

नव्या काचा बसवायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध केला तो वैजयंता चौगुलेनं.

गगनबावड्याच्या सह्यकडा प्रवासी सहकारी संस्थेकडं विजेवर चालणाऱ्या सात बस होत्या आणि नऊ चालक होते. नऊ जणांत बाई एकच, ती वैजयंता. आणि त्या नऊ जणांतच तिचा नवराही होता, सर्जेराव. पंचावन्न वर्षांची वैजयंता बोलायला फटकळ, तर सर्जेराव गाडीत बसल्यावर तोंडातल्या तोंडात गाणं म्हणणारा, तीस वर्षांत एकही अपघात न केलेला माणूस. करूळ घाटातून कोकणात उतरायचं आणि पुन्हा चढून वर यायचं, हेच दोघांचं रोजचं काम. तो उतरत असताना ती चढत असे. घाटात कुठंतरी दोन्ही गाड्या समोरासमोर येत आणि सर्जेराव दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोके. प्रवासी हसत. वैजयंता मान वळवून न बघितल्यासारखं करी, पण चुकून एखाद्या दिवशी सलाम आला नाही, तर संध्याकाळी घरी विचारल्याशिवाय राहत नसे.

२०४१ सालच्या मे महिन्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून ईश्वरी नगरकर नावाची एकोणतीस वर्षांची संशोधक तिथं आली. मूळची नाशिकची. वैजयंताला ‘मी येतो, मी बघतो’ असं पुरुषासारखं बोलताना ऐकून ती पहिल्या दिवशी चकितच झाली. कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

स्टँडवरच्या पत्र्याच्या खोलीत तिनं चालकांना काच समजावून सांगितली.

“वायपर पाणी पुसतो. आमची काच पाणी झटकते,” ती म्हणाली. “ओलं कुत्रं अंग झटकतं ना, तसं.”

काचेच्या चारही कडांना केसाएवढ्या पातळ पारदर्शक पट्ट्या होत्या. त्यांतून वीज गेली की त्या सेकंदाला लाखो वेळा थरथरत, आणि ती थरथर काचेच्या पृष्ठभागावरून लाटेसारखी पळे. लाट थेंबाखाली पोचली की थेंबाची काचेवरची पकड सुटे आणि त्याचे बारीक तुषार होऊन उडून जात. माणसाच्या कानाला यातलं काहीही ऐकू येत नसे. स्टँडवरची कुत्री मात्र पहिली गाडी सुरू झाली तेव्हा कान टवकारून उभी राहिली आणि मग आठवडाभर त्या गाडीवर भुंकत होती.

“पण अख्खी काच सारखी थरथरत ठेवली तर बॅटरी घाट संपायच्या आत रिकामी होईल आणि काचही तापेल,” ईश्वरी पुढं म्हणाली. “म्हणून आम्ही एक युक्ती केली आहे. स्टिअरिंगच्या वर हे दोन छोटे कॅमेरे आहेत, ते तुमची बुबुळं बघतात. तुम्ही जिथं बघाल तिथली काच आधी साफ होईल. आणि रोज गाडी चालवाल तशी काच तुमची सवय शिकत जाईल. तुमची नजर जाईल तिथं थेंब आधीच उडालेले असतील.”

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. वैजयंता उठून उभी राहिली.

“म्हणजे माझे डोळे कुठं फिरत्यात ते ही गाडी दिवसभर लिहून ठेवणार?”

“हो काकू, पण ते फक्त संशोधनासाठी…”

“आज संशोधन. उद्या साहेब कागद पुढं करून म्हणतील, चौगुलेबाई, अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही रस्ता सोडून करवंदवालीकडं बघत होता. असलं चालणार न्हाई. असली काच बसवली तर मी जॅकच्या दांडक्यानं फोडीन.”

वैजयंता चालकांची प्रतिनिधी होती, त्यामुळं बाकीचे आठ जण तिच्या मागं उभे राहिले. दोन दिवस बोलणी झाली. शेवटी तोडगा निघाला तोही वैजयंताच्याच डोक्यातून. एक ते नऊ आकड्यांचे बिल्ले पिशवीत घालायचे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. बिल्ला लावला की काचेला आकडा कळेल, माणूस कळणार नाही. कुणाचा आकडा कुठला हे कुणी कुणाला सांगायचं नाही, नवराबायकोनंही नाही. ईश्वरीनं वेळापत्रक ताडून बघायचं नाही. तसं तिनं सगळ्यांसमोर वचन दिलं.

“मग आता घरात पण एक गुपित राहिलं म्हण की,” सर्जेराव बिल्ला खिशात टाकत म्हणाला आणि सगळे हसले.

*

जूनचे पहिले दोन आठवडे गेले आणि विरोधाचा मागमूसही उरला नाही. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते तिथं गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक. वायपर अगदी जोरात लावला तरी दोन फटकाऱ्यांच्या मधे रस्ता हरवायचा. आता समोर काच आहे हेच विसरायला होत होतं. वैजयंता दिवसभराची ड्युटी करून उतरली तरी तिचं डोकं दुखत नव्हतं. ती ईश्वरीला डब्यातली भाकरी खायला घालू लागली, तिच्या वजनाबद्दल काळजी करू लागली आणि एक दिवस तर म्हणाली, “पोरी, तू ही काच आमच्या तरुणपणी का न्हाई काढलीस?”

“तेव्हा मी पाळण्यात होते, काकू.”

ईश्वरी रोज कुठल्या ना कुठल्या गाडीत चालकाच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरायची. सर्जेरावच्या गाडीत बसायला तिला विशेष आवडायचं. तो तिला घाटातल्या प्रत्येक वळणाचं नाव सांगे. ती नावं नकाशात नव्हती, चालकांनीच ठेवलेली होती. ‘सासूचं वळण’ म्हणजे जिथं सांभाळूनच जावं लागतं ते.

घरी मात्र त्या महिन्यात वैजयंताची चिडचिड वाढली होती आणि तिचं कारण सर्जेराव होता. त्याच्या हातून वस्तू पडत होत्या. ताकाचा पेला दोनदा लवंडला. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटून त्याचा शर्ट फाटला. एकदा ती बाजूला उभी राहून हातानं चहाचा कप पुढं करत होती, तर हा खुशाल समोर बघत बसलेला.

“अवो, हात दुखला माझा! कुठं लक्ष असतं तुमचं?”

“तुझ्याकडंच की.”

“मी इकडं उभी हाय!”

तो दचकून वळला, हसला आणि कप घेतला. म्हातारपण आलं म्हणायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या गाडीचा डावीकडचा आरसा एका झाडाच्या फांदीला घासला. फांदीच खाली वाकली होती, तो म्हणाला. पावसात वाकतातच फांद्या. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

*

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, ईश्वरी वैजयंताला शोधत स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर आली. तिच्या हातात टॅब होता आणि चेहरा उतरलेला होता.

“काकू, तुम्ही प्रतिनिधी आहात म्हणून तुमच्याशी बोलते. वचन मोडत नाहीये मी.”

“बस आधी. काय झालं?”

ईश्वरीनं टॅबवर नऊ चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात बसच्या काचेचा आकार होता आणि त्यावर पिवळ्या, केशरी, लाल रंगाचे डाग. नजर जिथं जास्त जाते तिथं लाल, कमी जाते तिथं पिवळं. आठ चित्रांत रंग काचभर पसरलेले होते, मधे गडद, कडांना फिके. उरलेल्या एका चित्रात काचेची डावी बाजू जवळजवळ कोरी होती.

“चांगल्या डोळ्याला कडेला काही हललं की तो आपोआप तिकडं वळतो,” ईश्वरी म्हणाली. “कुत्रं आलं, माणूस आला, छत्री उडाली, की नजर जाते. आपल्याला ठरवावं लागत नाही. या माणसाची नजर उजवीकडं तशी जाते. डावीकडं काही हललं तरी जात नाही. वळण असलं तरच जाते, सवयीनं.”

“म्हणजे बघत न्हाई तो?”

“त्याला दिसत नसावं.”

वैजयंतानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

“दिसत नसंल तर माणसाला कळणार न्हाई व्हय?”

“नाही कळत, तीच तर भीती आहे. डोळ्याला कडेला दिसेनासं झालं तर तिथं काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रस्ता, झाडं, धुकं घेऊन ती जागा भरून काढतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय.” ईश्वरीनं चित्रातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि माझ्या काचेनं त्यात भर घातली. हा माणूस डावीकडं बघत नाही असं ती शिकली, म्हणून तिकडची वीज तिनं कमी केली. दीड महिना त्याच्या डावीकडचे थेंब तसेच राहिलेत, काकू. मला आधी दिसायला हवं होतं. मी सरासरी बघत बसले.”

टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“आकडा सांग,” वैजयंता म्हणाली.

“काकू, वचन…”

“वचन मी घेतलं होतं तुझ्याकडनं. मीच सोडवतो. नाव विचारत न्हाई. आकडा सांग.”

“सहा. सहाची आजची फेरी संपली आहे, तेवढं मी पाहिलं.”

उद्या पहाटेची पहिली गाडी सुटायच्या आधी सगळ्या चालकांना बोलवायचं, आणि डोळे तपासल्याशिवाय एकालाही घाटात सोडायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. वैजयंता घरी निघाली. वाटेत तिच्या मनात एकेकाचा चेहरा येत होता. दामू वाघरे असेल, त्याला साखरेचा आजार आहे. नाहीतर थोरला खाडे, त्याचं वय झालं. सर्जेराव तिच्या मनात आला नाही, कारण तो तिच्या हिशेबी माणसांत मोडत नव्हता, घरात मोडत होता.

*

दिवेलागणीला तिनं जेवण वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. डाव्या बाजूला लाल चटणी, कांदा आणि कारळ्याची चटणीसुद्धा, कारण ती सर्जेरावला आवडायची. तो जेवायला बसला, भाकरी मोडली, भाजीत बुडवून दोन घास खाल्ले.

“आज चटणी न्हाई केलीस?”

ती आमटी वाढत होती. तिचा हात तसाच राहिला.

ताटात चटणी होती. दिव्याखाली लाल दिसत होती. सर्जेराव ताटाकडंच बघत होता, चेष्टा करत नव्हता. वैजयंताच्या डोळ्यांपुढून ताकाचे दोन पेले गेले, फाटलेला शर्ट गेला, आरशाला घासलेली फांदी गेली. तिनं ताट हळूच फिरवलं. डावी बाजू उजवीकडं आली.

“ही काय की,” तो म्हणाला. “आत्ता ठेवलीस व्हय?”

“अवो,” ती त्याच्यासमोर खाली बसली. “तुमचा बिल्ला कितीचा?”

तो हसला. “नियम कुणी केला? बायकोला पण सांगायचा न्हाई.”

“सहा?”

त्याचं हसू थांबलं. घास हातातच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

मग तिनं सगळं सांगितलं. आधी नीट क्रमानं, मग रडत. सर्जेरावनं ऐकून घेतलं आणि हात धुतला. तो सहसा चिडत नसे, पण त्या संध्याकाळी चिडला.

“मला सगळं दिसतंय, वैजू. ही चूल दिसत्या, तू दिसतीस, दार दिसतंय. डोळ्यापुढं काय बी काळंबिळं न्हाई. तीस वर्षं घाट चालवला मी. एका पोरीच्या रंगीत चित्रावरनं तू मला आंधळा ठरवतीस?”

“चटणी दिसली न्हाई तुम्हाला.”

“लक्ष नव्हतं!”

“महिनाभर लक्ष न्हाई तुमचं?”

तो ओसरीवर जाऊन बसला. तिला त्याचा राग आला नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. त्याला खरंच सगळं दिसत होतं, आणि तेच तर भयंकर होतं. थोड्या वेळानं ती त्याच्याशेजारी जाऊन बसली, त्याच्या उजव्या बाजूला.

“मी काय बी ठरवत न्हाई,” ती म्हणाली. “उद्या गाडीत बसून तुम्हीच ठरवा. दिसतंय असं ठरलं तर मी सगळ्यांसमोर माफी मागीन. पण तवर एक बी प्रवासी चढू देणार न्हाई. आडवी पडीन गाडीपुढं.”

“पडशील,” तो म्हणाला. “तुझा भरवसा न्हाई.” आणि जरा वेळानं, “चहा टाक.”

*

सकाळी सहाला स्टँडच्या आवारात धो धो पाऊस पडत होता. नऊ चालक, ईश्वरी आणि एक रिकामी बस. सर्जेराव आपल्या सीटवर बसला आणि त्यानं बिल्ला लावला. वैजयंतानं आवाराच्या टोकाला असलेला दिव्याचा खांब दाखवला.

“नजर त्या खांबावरनं हलवायची न्हाई. मी गाडीच्या पुढनं उजवीकडनं डावीकडं चालत जातो. मी दिसतो तवर हॉर्न दाबून धरा. दिसायचं थांबलो की सोडा.”

“शाळेतला खेळ झाला हा,” सर्जेराव म्हणाला, पण त्यानं नजर खांबावर लावली.

वैजयंता लाल छत्री उघडून पावसात गेली. गाडीच्या उजव्या कोपऱ्यापासून चार पावलं पुढं ती उभी राहिली. हॉर्न वाजला, लांब, एकसुरी. ती चालू लागली. पायाखाली पाणी होतं, साडीचा काठ चिखलात भिजत होता, आणि तो आवाज तिच्या सोबत चालला होता. एक पाऊल, दुसरं पाऊल. काचेच्या मध्यावर ती आली. हॉर्न चालू होता. तिला वाटलं, असाच चालू राहू दे. मला माफी मागू दे. सगळ्यांसमोर नाक घासून माफी मागीन.

आणखी तीन पावलं टाकली आणि हॉर्न बंद झाला.

ती जागच्या जागी थांबली. गाडीच्या समोर, डाव्या दिव्यापुढं, लाल छत्री घेऊन ती उघड्यावर उभी होती. आवारात नुसता पावसाचा आवाज. बाकीचे चालक पत्र्याखाली उभे होते. वैजयंतानं छत्री हलवली, मग हात हलवला. काचेमागं सर्जेरावचा चेहरा होता, खांबाकडं लागलेला, शांत, आणि ती तिथं नव्हती.

“थेंब हायत तिकडं!” त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं. “ह्या पोरीच्या काचेनंच ठेवल्यात. आधी काच पुसा.”

ते खरं होतं. डावीकडची काच थेंबांनी भरली होती. ईश्वरीनं टॅबवर काहीतरी केलं आणि काच एका झटक्यात लख्ख झाली. तरी वैजयंतानं टाचा उंचावून आपल्या पदरानं काचेचा तो भाग पुसला. मग पुन्हा उजवीकडं गेली आणि पुन्हा चालली.

हॉर्न त्याच जागी थांबला.

या वेळी सर्जेरावनं खांबावरची नजर काढली आणि मान डावीकडं वळवली. छत्रीखाली उभी असलेली बायको त्याला दिसली. अगदी जवळ. गाडी हलली असती तर चाकाखाली आली असती, एवढी जवळ. किती तरी वेळ तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं किल्ली फिरवून गाडी बंद केली, बिल्ला काढला आणि खाली उतरला. पावसात तसाच चालत पत्र्याखाली गेला आणि इतर चालकांसमोर उभा राहिला.

“सहा नंबर माझा,” तो म्हणाला. “आजपासनं मी गाडी चालवणार न्हाई. तुम्ही पण सगळे डोळे दाखवून या. मला सुद्धा सगळं दिसत होतं.”

दामू वाघरेनं पुढं होऊन त्याचा हात धरला. ईश्वरी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. सर्जेराव तिच्याजवळ गेला.

“तू कशाला रडतीस? तू बघितलंस म्हणून कळलं.”

“मी उशिरा बघितलं, काका.”

“पण कुणाला लागायच्या आधी बघितलंस. डोळं पूस.”

*

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासणी केली. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकत जाते, न दुखता, न कळता. डाव्या डोळ्याची नजर बरीच गेली होती, आणि उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू. दोन्ही मिळून डावीकडचं जग नाहीसं झालं होतं.

“गेलं ते परत येणार नाही,” बाई स्पष्ट म्हणाल्या. “पण उरलं आहे ते राखता येईल. रोज औषध घालायचं, लेझर करू, दर तीन महिन्यांनी यायचं. मला एक सांगा, तुम्हाला कळलं कसं? माझ्याकडं बहुतेक माणसं समोरचं दिसेनासं झाल्यावर येतात.”

“बसच्या काचेनं सांगितलं,” सर्जेराव म्हणाला. “आणि हिनं.”

बाईंना वाटलं तो गंमत करतोय. वैजयंतानं सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ईश्वरीचा फोन नंबर मागून घेतला.

पुढं पुष्कळ गोष्टी झाल्या. नऊ चालकांच्या तपासणीत थोरल्या खाडेचा मोतीबिंदू सापडला. ईश्वरीनं काचेचा स्वभाव बदलला. नजर कमी जाते तिथली वीज तोडायची नाही, उलट तिथले थेंब आधी उडवायचे, आणि कुणाच्या चित्रात कोरी जागा दिसू लागली तर सगळ्यात आधी त्याच माणसाला सांगायचं, असं तिनं काचेला शिकवलं. चालकांची पुन्हा बैठक झाली. आकड्यांचे बिल्ले ठेवायचे की नाही यावर भांडणं झाली. वैजयंता या वेळी कुणाच्याच बाजूनं ओरडली नाही. बिल्ले राहू देत, पण कुणाच्या जिवावर बेतलं की गुपित संपलं, असं ती म्हणाली आणि तेच सगळ्यांनी मान्य केलं.

सर्जेरावला संस्थेनं स्टँडवर वेळापत्रकाचं काम दिलं. पहिले पंधरा दिवस तो तिकडं फिरकलाच नाही. घरी बसून राही, गाणं म्हणत नसे. वैजयंता ड्युटीवरून येई, त्याच्या डोळ्यांत औषध घाली आणि दिवसभराचा घाट त्याला सांगे. कुठं दरड आली, कुठल्या वळणावर ट्रक अडकला. तो ऐकून घेई, ‘हं’ म्हणे. एका दिवशी मात्र त्यानं मधेच थांबवून विचारलं, “तिथं तू दुसऱ्या गिअरच्या वेगानं का उतरलीस? पाणी असलं की अजून हळू जायचं.” विजेच्या गाडीला गिअर नव्हता, पण वैजयंताला इतका आनंद झाला की तिनं ती चूक कबूल करून टाकली. दुसऱ्या दिवशी तो वेळापत्रक करायला गेला.

*

ऑगस्टच्या शेवटी वैभववाडीला त्याच्या थोरल्या बहिणीकडं जायचं होतं. वैजयंताचीच फेरी होती. सर्जेराव तिच्या गाडीत चढला आणि पुढच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत तो बायकोच्या गाडीत प्रवासी म्हणून कधी बसलाच नव्हता. तिचं वळण घेणं, तिचा ब्रेकवरचा पाय, सगळं तो दुरून ओळखत होता. जवळून प्रथमच बघत होता.

“जरा उजवीकडं धर,” घाट सुरू होताच तो म्हणाला.

“अवो, गप बसा.”

“समोरनं ट्रक येतोय.”

“दिसला मला. अजून एक शब्द बोलला तर इथं उतरवीन.”

मागचे प्रवासी हसले. आता हातात स्टिअरिंग नव्हतं, रस्त्यावर नजर ठेवायची नव्हती, म्हणून सर्जेराव खिडकीबाहेर बघू लागला. पाऊस ओसरला होता. ढग खाली दरीत उतरले होते. गाडी एका मोठ्या वळणावर आली आणि त्याच्या अंगावर थंड तुषार आले.

“हे पाणी कुठनं आलं?” तो इकडंतिकडं बघत म्हणाला.

“डावीकडं बघा. पुरती मान वळवा.”

त्यानं मान वळवली, आणखी वळवली. कड्यावरून एक धबधबा कोसळत होता, पांढराशुभ्र, वर ढगात सुरू होऊन खाली ढगात संपणारा. त्याच्या बाजूला दुसरा, त्याच्या पलीकडं बारीक बारीक पाच-सहा.

“हे नवीन झालं व्हय?”

“नवीन कसलं? तीस वर्षं तुम्ही इथनंच जाताय.”

“मी बघितलंच न्हाई कधी,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, नवल होतं. “वळणावर कोण धबधबा बघतंय?”

वैजयंतानंही तो कधी नीट बघितला नव्हता. तिनं घड्याळाकडं पाहिलं. गाडी पाच मिनिटं पुढं होती. वळणापलीकडं रस्ता रुंद होता, तिथं तिनं गाडी बाजूला घेतली आणि दार उघडलं. पाच मिनिटं थांबणार, असं प्रवाशांना सांगितलं. सर्जेराव खाली उतरला. मग तीही सीटवरून उतरली, वळसा घालून नवऱ्याच्या डाव्या बाजूला आली आणि तिथून त्याचा दंड धरला.

“इकडच्या बाजूनं मी हाय,” ती म्हणाली. “चला, बघून घेऊ.”